रिलीव्हर आल्याशिवाय उठायचं नाही

मी परदेशी निघाले त्या दुपारी गाडी दाराशी उभी होती, डिकीत बॅगा चढल्या होत्या, आणि मी ओटीवर पत्ते खेळत बसले होते. समोर बाबा, माझे भिडू. एका बाजूला शेजारचा गणूकाका, दुसऱ्या बाजूला खालापूरचे मास्तर. मध्ये आमचं टेबल, म्हणजे कारखान्याच्या भंगारातून आणलेल्या निळ्या पिंपावर ठोकलेला प्लायवूडचा चौकोन. ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दिला तशी मी पत्ते खाली ठेवायला गेले, तर बाबांनी नजर न उचलता मला अडवलं.

"हात पुरा कर. आनि तुझ्या जागंवर कोन बसतंय ते सांग."

मला वाटलं होतं बाबा रडतील. निदान घसा तरी खाकरतील. एकुलती एक मुलगी देश सोडून चाललीय आणि ह्या माणसाला चौथ्या गड्याची पडलीय! माझं टाळकं सरकलं. तेवढ्यात आई चहा घेऊन दारात आली होती. मी तिच्याकडे बोट केलं आणि म्हटलं, "ही काय. आईला बसवा."

गणूकाकानं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "वैनी पत्त्याला बसल्या तं चहा कोन करंल गं?" आणि सगळे हसले. मास्तर चष्मा काढून हसले, बाबा हसले, ड्रायव्हरला काही कळलं नव्हतं तरी तोही हसला. कहर म्हणजे आईसुद्धा हसली, तोंडाला पदर लावून, पाठ फिरवून.

ते हसणं मी बरोबर घेऊन गेले. बॅगेत लोणचं होतं, पापड होते, बिरड्याचे वाल होते. विमानतळावर सगळ्यांचं वजन झालं, ह्याचं तेवढं झालं नाही.

आज हे लिहायला बसले त्याला कारण आपल्या गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. परवा तिथे कुणीतरी लिहिलं की कुंभिवलीत आता पत्ते खेळायलासुद्धा चार माणसं उरली नाहीत, शिकली-सवरलेली सगळी पळाली. खाली रडके चेहरे. त्याखाली पुण्यातून, दुबईतून, कुठून कुठून आपल्याच मंडळींचे उसासे, "खरंय, मिस यू कुंभिवली." हे वाचून मला जे काही झालं ते फोनवर अंगठ्यानं लिहिण्यासारखं नव्हतं. म्हणून गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या गेलेल्यांनो, दोघांनीही ऐका. माणसं उरली नाहीत म्हणे! तुम्ही मोजलीत कधी नीट?

ज्यांना मेंढीकोट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार गडी, समोरासमोर बसलेले दोघे भिडू, आणि सगळी मारामारी चार दश्श्यांसाठी. ज्या जोडीनं दश्श्या जास्त ओढल्या ती जिंकली. चारही ओढल्या तर समोरच्यांवर कोट. तीन माणसांत हा खेळ होत नाही. एक माणूस उठला की बाकीचे तिघे नुसते एकमेकांची तोंडं बघणार.

म्हणून बाबांच्या टेबलाचा एकच कायदा होता, आणि तो त्यांनी रसायनीच्या कारखान्यातून आणला होता. बाबा तिथे रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर. पाळी संपली, भोंगा झाला, पोटात कावळे ओरडत असले तरी पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो आला नाही तर तुम्ही पुढची पाळीही करायची. आत काहीतरी शिजत असतं, ते तुमच्यासाठी थांबत नाही. ओटीवरही तेच. ज्याला जायचंय त्यानं आपल्या जागी माणूस बसवायचा आणि मग कुठे जायचं तिथे जायचं.

मी त्या टेबलावर बसले तीही अशीच. कर्जतच्या कॉलेजात केमिस्ट्रीला होते. एका दुपारी मास्तरांना शाळेतून बोलावणं आलं आणि बाबांनी आत हाक मारली, "रुपे, ये गं. शिफ्ट भर." आई चुलीशी होती, मी अभ्यास करत होते. हाक मला आली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी पुरुषांच्या टेबलावर बसले ह्याच आनंदात होते. पुढे चौथा म्हणून येणारा टेंपोवाला बाळू धंद्यासाठी पनवेलला गेला आणि माझी जागा कायमची झाली.

आता खरं सांगायचं तर त्या टेबलावर टिकणं ही काही गंमत नव्हती. बाबा एरवी गायीसारखे, पण पत्ते हातात आले की त्यांच्यात फोरमन शिरायचा. नवख्या माणसानं भिडूचा हात असताना वर हुकूम मारला की बाबांचा आवाज हायवेपर्यंत जायचा, "दश्शी कोनाच्या बापाची हाय?" गणूकाका तर डाव संपल्यावर मेलेल्या डावाची चिरफाड करायचा. कुणी काय टाकलं, काय टाकायला हवं होतं, आणि ते टाकलं असतं तर आज आपण कुठे असतो. एक नवा जावई एकदा बसला, तो पुढच्या सणाला सासुरवाडीलाच आला नाही. आणि ही माणसं वर म्हणणार की हल्लीच्या पोरांना आवड नाही! नाचता येईना, अंगण वाकडं.

मी गेले कॉर्कला. आयर्लंडच्या दक्षिणेला शहर आहे, समुद्राकाठी, सदा ओलं. तिथे औषधांच्या कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी. वासावरून मला रसायनी आठवायची, माणसांवरून नाही. मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तीही गणपतीत फोटोपुरती एकत्र येणारी. त्यांच्यात मी मेंढीकोट सुरू करून पाहिलं. पहिल्या रविवारी घर भरलं, सगळ्यांना आपापलं आजोळ आठवलं, व्हिडिओ निघाले. दुसऱ्या रविवारी दोघं आली. तिसऱ्या रविवारी मी केलेला बटाटेवडा मीच खाल्ला. "मिस यू" लिहिणारे हेच ते लोक.

मग एका कम्युनिटी हॉलमध्ये दर बुधवारी संध्याकाळी बोर्डगेम खेळणारा ग्रुप असतो असं कळलं. चालवणारा डेक्लन, पोस्टात नोकरी, स्वभावानं लोणी. तिथे महिनोन् महिने चालणारा एक खेळ सुरू होता. प्रत्येकाचं एक पात्र, फासे टाकायचे, गोष्ट पुढे न्यायची. माझी एक जादूगारीण होती. मला आवडलं. बुधवार आला की मला कुंभिवलीच्या ओटीवर बसल्यासारखं वाटायचं, फक्त कुणी ओरडत नसे.

एका बुधवारी लॅबमध्ये एक बॅच अडकली आणि मला निघता येईना. मी काय केलं असेल? जे बाबांच्या मुलीनं करायचं तेच. माझी घरमालकीण ब्रीडा, सत्तरीची बाई, तिला फोनवर दहा वाक्यांत खेळ समजावला, माझे फासे कुठल्या ड्रॉवरमध्ये आहेत ते सांगितलं आणि रिलीव्हर म्हणून पाठवून दिली. बाई छत्री आणि केक घेऊन गेली, आणि तिनं माझ्या जादूगारणीला थेट राक्षसाशी गप्पा मारायला बसवलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी डेक्लनचा मेसेज. इतका मऊ की त्यातला काटा सापडायला मला दोनदा वाचावा लागला. ब्रीडा गोड आहे, केक उत्तम होता, पण इथे असं करत नाहीत. यायला जमणार नसेल तर कळव, आम्ही तुझी खुर्ची रिकामी ठेवू.

मी भडकले. त्याच महिन्यात दोघेजण न सांगता गैरहजर राहिले होते आणि खेळ बंद पडला होता, त्यांना कुणी अवाक्षर बोललं नव्हतं. रिकामी खुर्ची म्हणजे सभ्यपणा, आणि भरलेली खुर्ची म्हणजे आगाऊपणा! पुढच्या काही महिन्यांत ह्या सभ्यपणाची फळं दिसली. एकाला बाळ झालं, एकीला नवी नोकरी लागली, एकजण "आय विल, येह" म्हणाला. कॉर्कमध्ये ह्याचा अर्थ "येणार नाही" असा होतो, हे कळायला मला वर्ष लागलं होतं. आपल्याकडे "बघतो, जमवतो" म्हणतात तसंच. डेक्लननं पोस्टर लावली, बिस्किटं आणली, नवशिक्यांसाठी खास संध्याकाळ ठेवली आणि त्यात आलेल्यांना तासभर नियम वाचून दाखवले. ती माणसं दारातून जी गेली ती गेलीच.

आणि इकडे ब्रीडा मला रोज स्वयंपाकघरात विचारत होती, माझ्या राक्षसाचं पुढे काय झालं? मी डेक्लनला म्हटलं, अरे तिला बोलाव. तर म्हणाला, ती तशी खेळणाऱ्यांतली वाटत नाही. आणि हसला. इंग्रजीत हसला, पण मला चहाचे कप वाजल्यासारखे ऐकू आले. पुढच्या बुधवारी मी ब्रीडाला दंडाला धरून नेलं आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसवलं. बदली म्हणून नव्हे, खेळाडू म्हणून. नंतर तिनं तिच्या दोन मैत्रिणी आणल्या. आज डेक्लनला टेबलं कमी पडतात, आणि तो सगळ्यांना सांगतो की पोस्टरचा उपयोग झाला!

असो. हे यश माझ्या डोक्यात गेलं, त्याचं पुढे यायचं आहे.

तिकडे कुंभिवलीत माझ्या जागेवर कुणी टिकेना. हायवेवरच्या हॉटेलचा मॅनेजर काही दिवस आला, त्याची बदली झाली. मग मास्तर मुलाकडे पनवेलला राहायला गेले. येतो येतो म्हणतात, येत नाहीत. उरले बाबा आणि गणूकाका. दोघांनी हातपाय मारले, नाही असं नाही. कर्जतच्या बाजूला ज्यांची फार्महाऊसं आहेत अशा मुंबईच्या एका जोडप्याला ओटीवर आणलं. त्यांनी पिंपाचे फोटो काढले, "किती ऑथेंटिक" म्हणाले आणि दश्शी कुठली तेही न विचारता निघून गेले. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून "मेंढीकोट कुंभिवली" असा ग्रुप काढला. बाबांनी लिहिलं, आज चार वाजता या. भराभर अंगठे आले. चार वाजता माणूस एक नाही. दर वेळी चार कप चहा व्हायचा आणि दोन कप परत आत जायचे. चहा कोण करत होतं ते वेगळं सांगायला नको.

शेवटी ते टेबल मिटलं. बाबा तेव्हाच निवृत्त झाले होते, एका कानानं कमी ऐकू येत होतं, त्यामुळे चारचौघांत बसणंही तुटलं. आई फोनवर सांगायची, "बोलत नाय गं. दाढी करत नाय. मोबाईलमदी पत्ते खेळतात, त्या यंत्राशी." मी बाबांना फोन द्यायला सांगायचे. ते यायचे, "बरा हाय," म्हणायचे, आणि फोन आईकडे द्यायचे. ज्यांचा आवाज हायवेपर्यंत जायचा त्यांचा आवाज मला कॉर्कमध्ये ऐकू येईना. मला रात्रंदिवस एकच भीती वाटायला लागली की हा माणूस त्या खुर्चीत असाच विझून जाणार, आणि ते कशामुळे, तर चौथा गडी नाही म्हणून!

मागच्या मे महिन्यात रजा घेऊन गेले ती ठरवूनच. ओटीवर पिंप तसंच होतं, त्याच्या प्लायवूडवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. बाबा कोपऱ्यात मोबाईल डोळ्यांशी धरून बसलेले. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि पुन्हा खाली घातली. दुसऱ्या दिवशी मी मिरच्या सुपात काढल्या, फळी पुसली, गणूकाकाला हाक मारली, पत्ते पिसले आणि जाहीर केलं, "तिघं आहोत आपण. चौथी आई. ब्रीडाला बसवलं, आता आईला बसवणार. आणि आज कुणी हसायचं नाही."

कुणीच हसलं नाही. गणूकाका चक्क म्हणाला, "या ना वैनी. मेंबरच नाय आता, काय करनार?"

आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं टेबलाकडे पाहिलं, चौथ्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. मला वाटलं, आता तिचे डोळे भरून येणार. तिनं माझ्या हातातले पत्ते घेतले, प्लायवूडवर पालथे ठेवले आणि म्हणाली, "नाय."

"अगं, का?"

"इतकी वर्सं मी हितंच हुते. ह्या दारात. तवा कोनी इचारलं नाय. आता मेंबर खपले म्हनून मी? गावात कोन मिळंना म्हनून घरातली?" ती बाबांकडे बघत होती, पण मी मध्येच बसले होते, त्यामुळे ते मलाही लागत होतं. "चहा पायजे आसंल तर ठेवते. पन भरतीला मी नाय बसनार." आणि ती आत गेली.

मी तिच्यावरच चिडले. तिच्यासाठी मी एवढी वर्षं राग उराशी बाळगला, दोन देशांत भांडले, आणि हिला नकोच! गणूकाका चप्पल घालून निघून गेला. बाबांनी मोबाईल उघडला.

जेवणं झाल्यावर आई नेहमीप्रमाणे म्हणाली, "सुमनकडं जाते, वाल सोलायला." सुमनकाकू म्हणजे गणूकाकाची बायको, आमच्या मागच्या अंगणाला लागून तिची पडवी. मी लहानपणापासून हे वाक्य ऐकत आलेय. त्या दिवशी भांडण अर्धं राहिलं होतं म्हणून मी पाठोपाठ गेले. पडवीत पाऊल टाकलं आणि तिथेच उभी राहिले.

गोणपाट पसरलेलं. वालाचं सूप एका बाजूला. आई, सुमनकाकू, पलीकडची मथुरामावशी आणि मावशीची ठाकुरवाडीकडून आलेली सून वनिता, चौघी मांडी घालून, चौघींच्या हातात पत्ते. आई उतारी करत होती. समोर सुमनकाकू, तिची भिडू. पत्ते बाबांच्या टेबलावरचेच, कोपरे दुमडले म्हणून बाबांनी फेकलेले. दुमडलेला पत्ता ओळखू येतो, म्हणून ते पत्त्यांचा अख्खा जोडच टाकून देत. इथे चौकटच्या दश्शीऐवजी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून लावलेला. मी म्हटलं, "अगं, हा तर पाठीमागून ओळखू येतो." सुमनकाकू म्हणाली, "येवूं दे की. सगल्यांनाच येतो."

"कधीपासून?" मी विचारलं.

मथुरामावशी हसली. "तू फ्राकात व्हतीस."

आमच्या घरात एवढे वाल कधी शिजले नाहीत, हे एवढ्या वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही! गणूकाका चौथा गडी शोधत खालापूरपासून कर्जतपर्यंत फिरला आणि त्याची बायको त्याच्याच पडवीत कोट चढवत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. मला हसू यायला हवं होतं. मला आला राग. सगळ्यांचा. बाबांचा, गणूकाकाचा, आणि ह्या बायकांचाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू बाबांच्या टेबलावरची," आई सहज म्हणाली. "तुला सांगितलं आसतं तर तू तितं सांगितलं आसतंस. मंग त्येंनी हितं येऊन शिकवलं आसतं." मग म्हणाली, "तू गेलीस त्या दिशी मी का हसले ठाऊक हाय? त्याच दुपारी मी सुमनला घेऊन मथुरावर कोट चढवला हुता. आनि गनूभावजी म्हनतात, चहा कोन करंल."

मी बसले. त्यांनी जागा दिली, काही न विचारता. थोड्या वेळानं वनिताचं बाळ रडलं, तिनं आपले पत्ते माझ्या हातात कोंबले, "धरा हो ताई," आणि ती उठून गेली. सुमनकाकू दूध उतरवायला उठली, तिचे पत्ते मथुरामावशीच्या जावेनं घेतले, जी नुसती मीठ मागायला आली होती. डाव थांबला नाही. कुणी नियम वाचले नाहीत, कुणी चिरफाड केली नाही, कुणी "येतो" म्हणून गेलं नाही. आई म्हणाली, "आमी कोनाला बोलवत नाय. जी येते ती बसते. जिला जायाचं ती हात देऊन जाते." बाबांचा कायदा बाबांच्या टेबलावर मेला होता आणि इथे तो कुणी कायदा न म्हणता चालू होता.

संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. आवाज चढवूनच सांगितलं, एक तर कान, दुसरं म्हणजे राग. मला वाटलं, आता ते दुखावणार. त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला आणि विचारलं, "जिंकतं कोन?"

"आई."

"हुं," म्हणाले. आणि त्या रात्री किती तरी दिवसांनी नीट जेवले.

पण जायचं कसं? बाबा म्हणायचे, मला कुणी बोलावलंय का? आई म्हणायची, आम्ही कुणाला बोलावत नाही. माझी रजा संपत आली तरी एक माणूस ओटीवर आणि एक पडवीत, मध्ये आमचं सगळं घर. मी दोघांना विनवलं, दोघांवर ओरडले. एवढ्याशा अंतरासाठी मी विमानानं आले होते आणि ते अंतर काही कापलं जात नव्हतं.

निघायची दुपार आली. मी मुद्दामच पडवीत बसले होते. वनिता माहेरी गेली होती, तिच्या जागेवर मी. मथुरामावशीची जाऊ बाजारात. डाव अर्ध्यात असताना गाडीचा हॉर्न झाला. थोड्या वेळानं बाबा मागच्या अंगणातून आले. त्या पडवीच्या पायरीशी ते आयुष्यात पहिल्यांदा उभे राहिले असतील.

"रुपे, गाडी आली."

मी पत्ते खाली ठेवायला गेले. आईनं वर न बघता म्हटलं, "हात पुरा कर. आनि तुझ्या जागंवर कोन बसतंय ते सांग."

मी आईकडे पाहिलं. मग बाबांकडे. बाबांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांना ते वाक्य कळलं होतं. बोलावणं नव्हतं ते. मिनतवारी नव्हती. पाळी संपलेला माणूस जागेवर होता, रिलीव्हर गेटवर उभा होता आणि आत डाव शिजत होता, एवढंच होतं. बाबांनी चपला काढल्या. गुडघा धरून, भिंतीला हात लावून ते गोणपाटावर बसले आणि माझ्यापुढे हात केला. मी पत्ते दिले. त्यांनी ते पसरले, पुठ्ठ्याची दश्शी बघून भिवया वर केल्या. आईनं सूप त्यांच्याकडे सरकवलं. "नुस्तं नाय बसायचं हितं. वाल सोला."

कुणीही मला गाडीपर्यंत सोडायला आलं नाही. मी एकटीनं दार ओढलं. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, घरी कोणी नाही का?" मी म्हटलं, "सगळे आहेत." आणि मागून हसण्याचा आवाज आला. बायकांचा होता आणि त्यात एक जाडा, बऱ्याच दिवसांत न वापरलेला आवाजही होता. कुंभिवलीचा फाटा येईपर्यंत मी रडत होते.

तेव्हा गावच्या मंडळींनो, माणसं उरली नाहीत असं परत लिहू नका. आपापल्या मागच्या दारानं एकदा बाहेर जाऊन बघा आणि मग लिहा. आणि गेलेल्यांनो, तुम्ही "मिस यू" म्हणता ती जागा रिकामी राहावी असं तुम्हाला मनातून वाटत असतं. मलाही वाटायचं. आपली खुर्ची तशीच ठेवलेली असावी, तिच्यावर धूळ असावी, आपण गेल्यावर पुसावी. नका असं इच्छू. रिकाम्या खुर्चीशेजारी माणसं विझतात, मी पाहिलंय.

परवा मी कॉर्कहून फोन केला. तिकडची दुपार होती. बाबांनी उचलला, आणि मी "बाबा" म्हणायच्या आत ओरडले, "हात चालू हाय, मागनं कर!" मला राग आला. हजारो मैलांवरून मुलगी फोन करतेय! फोन बंद करायचं मात्र ते विसरले होते. मी कानाला लावून तशीच उभी राहिले. वालाची सालं सुपात पडल्याचा आवाज येत होता, कुणी तरी कुणाचा तरी हात धरायला सांगत होतं, आणि मग आईचा आवाज आला, चांगला हायवेपर्यंत जाईल असा.

"अवो, दश्शी कोनाच्या बापाची हाय?"